किनाऱ्यावर स्वयंसेवक व्हायचे आहे : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोकणातील समुद्री कासवांच्या घरट्यांविषयी आलेल्या लेखावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या वाचकांना किनाऱ्यावर जाऊन काही करावेसे वाटते ही गोष्ट मला मनापासून मोलाची वाटली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. समुद्र आजवर शाळेच्या सहलीत पाहिला तेवढाच. किनाऱ्यावरील एखाद्या निसर्ग उद्यानात किंवा अभयारण्यात सुट्टीच्या काळात स्वयंसेवक म्हणून काम करण्याची इच्छा आहे. पण मला पोहता येत नाही. माझा उपयोग होईल का? कोठे जावे, आणि तेथे नेमके काय काम करावे लागते?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : पोहता येत नसल्यामुळे काहीही अडत नाही. किनाऱ्यावरील संवर्धनाचे बहुतेक काम कोरड्या वाळूवर, चिखलाच्या काठावर किंवा नोंदवहीपुढे बसून होते. त्यासाठी पहाटे उठण्याची, उन्हात उभे राहण्याची आणि तीच ती नोंद रोज त्याच पद्धतीने करण्याची तयारी लागते. प्राणिशास्त्राचे शिक्षण असेल तर नोंदींची शिस्त तुमच्या अंगी थोडीफार आलेलीच असेल आणि तीच तुमची खरी शिदोरी आहे.

सोलापूरहून रेल्वेने जाण्यास सोयीची दोन ठिकाणे मुंबई परिसरात आहेत. पहिले, धारावीला लागून मिठी नदीच्या काठावर असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. आज जेथे ३७ एकरांचे रान उभे आहे ती जागा पूर्वी मुंबईच्या कचऱ्याचे आगार होती. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या थरांवर जंगल कसे उभे करता येते हे पाहण्यासाठी तरी प्रत्येक शहरातील विद्यार्थ्याने तेथे एकदा जावे असे मला वाटते. दुसरे ठिकाण म्हणजे ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे हे केंद्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या काठावर आहे. १,६९० हेक्टरांचे हे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. उजनीच्या फुगवट्यावर तुम्ही रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांचे थवे पाहिले असतील तर ऐरोलीला तुम्हाला अगदीच परके वाटणार नाही. फरक इतकाच की तेथे मोठ्या रोहितांबरोबर लहान रोहितही फार मोठ्या संख्येने येतात आणि त्यांचे चरणे भरती-ओहोटीच्या वेळांना बांधलेले असते.

अशा केंद्रांमध्ये बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला साधारणपणे शाळांच्या सहलींना माहिती देणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, पक्ष्यांच्या गणनेत नोंदी घेणे आणि ओहोटीच्या वेळी खारफुटीत अडकलेले प्लॅस्टिक काढणे अशी कामे मिळतात. शेवटचे काम सोपे दिसते, पण तसे नाही. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर आलेली असतात आणि झाड त्यांच्यावाटे हवा घेते. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की झाड गुदमरते; मात्र तो थर काढायला आलेल्या उत्साही मंडळींनी तीच मुळे पायांखाली मोडली तर झाडाचे नुकसान पिशव्यांपेक्षाही वेगाने होते. म्हणून कोठून चालायचे हे तेथील कर्मचाऱ्याने दाखविल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये. एकाच दिवशी शेकडो माणसे उतरविणाऱ्या स्वच्छता मोहिमेपेक्षा तीच जागा ठरावीक अंतराने स्वच्छ करणारा दहा जणांचा गट मला अधिक उपयोगी वाटतो, कारण तो गट कचरा कोठून येतो हेही हळूहळू ओळखू लागतो.

तिसरा पर्याय कोकणातील कासवांच्या गावांचा, आणि मला वाटते तुमच्या मनात मुख्यतः तोच असावा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ मध्ये कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. तेथे येणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे या जातीच्या माद्या हजारोंनी एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात मात्र त्या एकेकट्या, रात्रीच्या अंधारात येतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही एखादी मादी भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून तो बुजविते आणि परत जाते. मागे राहतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. गावातील कासवमित्र रात्री आणि पहाटे पुळणीवर गस्त घालून हा माग शोधतात, कारण त्याच मागावर कुत्री आणि कोल्हेही येतात आणि पूर्वी माणसेही अंड्यांसाठी येत असत.

सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलविली जातात. तेथे मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि तशाच आकाराचा, वर अरुंद व खाली रुंद, खड्डा करून ती पुन्हा पुरतात. हे काम घातल्यापासून थोड्याच तासांत आणि अंडे न फिरविता करावे लागते. नंतर आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडे उलटेसुलटे झाले तर तो मरतो. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक निघतात. त्यामुळे केंद्राची जागा, सावली आणि खोली यांना फार महत्त्व आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने अंडी किंवा पिल्ले हाताळण्याचे काम वन विभागाच्या देखरेखीखाली, अनुभवी माणसेच करतात. तुम्हाला पहिल्याच भेटीत अंडी हातात घ्यायला मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

मग बाहेरच्या स्वयंसेवकाने तेथे काय करायचे? पिल्ले सोडण्याच्या वेळी येणाऱ्या पर्यटकांना दोरीच्या अलीकडे थांबविणे, त्यांना सोप्या मराठीत माहिती देणे, प्रत्येक घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि बाहेर आलेल्या पिल्लांची संख्या वहीतून संगणकावर उतरविणे, किनाऱ्यावर आलेली जाळी आणि दोर गोळा करणे ही कामे गावाला खरोखरच हवी असतात. माझा आग्रह एवढाच की जाण्यापूर्वी दोन महिने आधी संबंधित केंद्राला किंवा वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला पत्र लिहा, तुम्हाला काय येते ते सांगा आणि त्यांना काय हवे आहे ते विचारा. एकाच ठिकाणी सलग दोन आठवडे राहणे शक्य असेल तर चार ठिकाणी तीन-तीन दिवस जाण्यापेक्षा ते करा. पहिले काही दिवस तुम्ही शिकण्यातच घालविणार. गावाच्या उपयोगाचे जे काही होईल ते त्यानंतरच.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. नातवंडांना घेऊन वेळासच्या कासव महोत्सवाला जाण्याचा विचार आहे. परंतु अशा गर्दीने कासवांचे हाल होतात, असेही ऐकले. आमच्यासारख्यांनी जावे की जाऊ नये? आणि या वयात आमच्याकडून काही काम होऊ शकेल का?
— निवृत्त शिक्षक दांपत्य, बार्शी

उत्तर : आपण अवश्य जावे. आपली शंका रास्त आहे. परंतु वेळासमधील संवर्धन टिकले त्याचे एक मोठे कारण असे की, पाहुण्यांची सोय गावातील लोकांनी आपल्याच घरांतून केली आणि त्याचे उत्पन्न गावातच राहिले. कासवाचे अंडे विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा कासवाचे पिल्लू समुद्रात जाताना दाखविण्याचे मोल गावाला अधिक झाले. तेव्हा मोठ्या हॉटेलात उतरून केवळ पिल्ले पाहण्यासाठी गावात डोकावण्यापेक्षा गावातील घरी मुक्काम करणे, तेथेच जेवणे हा संवर्धनाचा भाग आहे असे समजावे.

तारखेबाबत मात्र आग्रह धरू नये. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि थंडी लांबली की ही मुदतही लांबते. साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पिल्ले निघतात. पण आपण गेलात त्या सकाळी एकही पिल्लू निघाले नाही, असे होऊ शकते. नातवंडांना ही कल्पना घरूनच द्यावी. पिल्लू निघाले नाही म्हणून आयोजकांशी वाद घालणारे पाहुणे पाहिले की मला वाईट वाटते, कारण त्यांच्या दबावाखाली एखाद्या ठिकाणी पिल्ले टोपलीत अडवून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. पिल्लाजवळ पहिल्या पोहण्यासाठी जेमतेम पुरेल एवढीच शक्ती असते आणि ती टोपलीत धडपडण्यात संपली तर ते समुद्रात फार काळ टिकत नाही.

पिल्ले सोडताना त्यांना उचलून पाण्यात ठेवा, अशी विनंती लहान मुले हमखास करतात. तसे का करीत नाहीत हे त्यांना सांगण्यासारखे आहे. वाळूवरून पाण्यापर्यंत स्वतः चालत जाणे ही त्या पिल्लाची समुद्रप्रवासाची तयारी असते; मोठी झालेली मादी अंडी घालण्यासाठी पुन्हा साधारण त्याच किनारपट्टीकडे येते, आणि आपल्या किनाऱ्याची खूण तिला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून पटते, असे अभ्यासक मानतात. पिल्ले अंधारात उजळ क्षितिजाकडे जातात. समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून ती बरोबर पाण्याकडे वळतात. परंतु किनाऱ्यावर एखादा दिवा लागला, मोबाइलची बॅटरी चमकली किंवा गाडीचे दिवे पडले की ती उलट फिरतात. तेव्हा आपल्या कुटुंबाकडून एवढे कटाक्षाने पाळले जावे की फ्लॅश नाही, टॉर्च नाही आणि दोरीपलीकडे पाऊल नाही. पावलाने झालेल्या खड्ड्यातून वर येणे एवढ्याशा जिवाला फार जड जाते.

कामाविषयी म्हणाल तर आपल्यासारख्या शिक्षकांची तेथे मोठी गरज आहे. सुट्टीच्या दिवशी वेगवेगळ्या गावांतून आलेल्या मुलांना एका जागी बसवून वीस मिनिटे गुंतवून ठेवणे हे काम तरुण कार्यकर्त्यांना जड जाते आणि आपल्याला ते सहज जमेल. आपण तशी तयारी असल्याचे आधी कळवावे. वाळूतून पहाटेचे चालणे गुडघ्यांना त्रासदायक असते, त्यामुळे गस्तीचा हट्ट मात्र धरू नये. वेळासजवळच सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे आणि वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. नातवंडांचा मधला दिवस तेथे चांगला जाईल.

प्रश्न : माझी आठवड्याला एकच सुट्टी असते आणि ती सोडून किनाऱ्यावर जाणे परवडत नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, पण माझे शिक्षण मराठीत झाले. समुद्री प्राण्यांसाठी सोलापुरात राहून काही करता येते का? की हे मनाचे समाधान ठरेल?
— यंत्रमाग कामगार, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सोलापूरचा समुद्र कोणता, असे विचारले तर बहुतेक जण कोकणाकडे बोट दाखवितील. परंतु सोलापूरचे पाणी कोकणाकडे जात नाही. शहराच्या परिसरातील ओढेनाले आणि सीना नदी भीमेला मिळतात, भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धरणे आणि बंधारे आहेत, त्यामुळे येथील नाल्यात टाकलेली प्रत्येक पिशवी समुद्रापर्यंत पोहोचते असे नाही. पण पुराच्या पाण्यात जे पुढे जाते त्याची दिशा तीच. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात खारफुटीचे कृष्णा अभयारण्य आहे, तेथे मासेमार मांजर राहते आणि त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेही अंडी घालण्यास येते. आंध्रचा वन विभाग तेथेही अंड्यांची उबवणी केंद्रे चालवितो. तुम्हाला तेलुगू येते. महाराष्ट्रातील बहुतेक स्वयंसेवकांना जी गोष्ट कष्टाने शिकावी लागेल, ती तुमच्या घरात आहे. पुढे कधी चार दिवसांची सलग रजा मिळाली, किंवा नातेवाइकांकडे त्या बाजूला जाणे झाले, तर तेथील केंद्राला भेट द्या. मच्छीमारांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस अशा कामात फार उपयोगी पडतो.

दोन्ही किनारे एकमेकांपासून वेगळे आहेत अशीही समजूत करून घेऊ नये. २०२२ मध्ये कोकणात पाच माद्यांना उपग्रह यंत्रे बसविण्यात आली. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री ही त्यांची नावे. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. तेव्हा भीमेच्या पाण्याशी ज्या कासवाचा संबंध येतो ते कोकणात अंडी घालणारेच असू शकते.

आता दर आठवड्याच्या सुट्टीचा विचार करू. शहरात सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, आहेत. शहराबाहेर हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे आणि थोडे दूर गेले तर उजनीचा जलाशय. हिवाळ्यात हिप्परग्याला येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिच्यात सामान्य माणसांनी घेतलेल्या नोंदींना स्थान आहे. आपल्याकडे ती नेमकी गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास येते, त्यामुळे शहरातील मंडळींना वेळ काढणे कठीण जाते, हे मान्य. म्हणूनच एकाच तलावाची जबाबदारी घेणारा माणूस फार मोलाचा ठरतो. एक तलाव निवडा. दर रविवारी त्याच वेळी, त्याच वाटेने फिरा आणि दिसलेला प्रत्येक पक्षी, त्याची संख्या आणि पाण्याची पातळी लिहा. पक्षी दिसले नाहीत तेही लिहा. असा वर्षभराचा अखंड तक्ता हाती असेल तर तलावात भराव पडला किंवा सांडपाणी सोडले गेले, तेव्हा महानगरपालिकेपुढे आणि वन विभागापुढे ठेवायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असते. नुसत्या तक्रारीने जे होत नाही ते अशा तक्त्याने पुष्कळदा होते.

नान्नजच्या माळरानाचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झालेल्या या अभयारण्यात आज माळढोक दिसणे फार दुर्मीळ झाले आहे. काळवीट आणि लांडगे मात्र आहेत. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. कोकणच्या पुळणीवर कासवाच्या घरट्याला ज्या मोकाट कुत्र्यांपासून धोका आहे त्याच कुत्र्यांपासून येथील जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आणि काळविटांच्या पाडसांनाही आहे, आणि ती कुत्री वाढतात ती उघड्यावर टाकलेल्या अन्नावर आणि मेलेल्या जनावरांवर. आपल्या भागातील उकिरडा बंद व्हावा यासाठी वॉर्डात पाठपुरावा करणे हेही वन्यजीव संरक्षणच आहे. मी हे केवळ तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. किनाऱ्यावर पंधरा दिवस राहून आलेल्या आणि पुढे वर्षभर काहीच न केलेल्या माणसापेक्षा दर रविवारी एका तलावावर जाणाऱ्या माणसाचे काम मी मोठे मानतो.

प्रश्न : माझ्या मुलाने एका संस्थेतर्फे किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून जाण्याचे ठरविले आहे. संस्था नोंदणी शुल्क मागते आणि प्रमाणपत्र देणार असे म्हणते. आम्हाला समुद्राचा अनुभव नाही. भरतीच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. कोणती खबरदारी घ्यावी?
— एक आई, पंढरपूर

उत्तर : राहण्याजेवणाचा खर्च स्वयंसेवकाकडून घेणे गैर नाही, लहान संस्थांना तो परवडतही नाही. परंतु रक्कम कशासाठी आहे हे लेखी विचारावे. मुक्काम कोणाच्या घरी, सोबत कोण, वन विभागाची परवानगी कोणत्या कामासाठी आहे, जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे आणि दिवसभरात नेमके कोणते काम करायचे आहे या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे जी संस्था देत नाही, तिच्याकडे मुलाला पाठवू नये. वन्य प्राण्याला हात लावण्याची, त्याच्यासोबत छायाचित्र काढण्याची संधी मिळेल, अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेपासून तर दूरच राहावे, कारण तिला कायदाही माहीत नाही आणि प्राण्यांची कळकळही नाही.

भरतीची भीती माहितीने बरीच कमी होते. दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी होते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते आणि रोज या वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळी आणि गावकरी एक सोपा हिशेब वापरतात आणि तो आपल्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरूनही करता येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरतीचे पाणी सर्वांत वर चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते सर्वांत कमी चढते, त्याला भांग म्हणतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, कामासाठी त्या बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ताच पाहावा. तरीही मुलाने घरी बसून आठवडाभर हा हिशेब करून पाहिला तर किनाऱ्यावर कोणी ‘आता निघा’ म्हणाले की का निघायचे, हे त्याला कळेल.

खाडीचा चिखल मात्र अनोळखी माणसाने कधीही एकट्याने तुडवू नये. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, अननुभवी स्वयंसेवकाने किनाऱ्यावरचे काम घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वास्तुशास्त्राप्रमाणे शुभ म्हणून आमच्या घरी काही वर्षांपासून पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव आहे. ते पाळणे चूक आहे असे आता कळले. पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला जाणार आहोत. तेथे ते समुद्रात सोडले तर चालेल का?
— वाचक, अक्कलकोट

उत्तर : कृपा करून सोडू नका. आपल्या वर्णनावरून ते तारा कासव दिसते. ते कोरड्या माळावर राहणारे, गवत आणि पाने खाणारे कासव आहे. समुद्रात ते बुडून मरेल. सिद्धेश्वर तलावात किंवा विहिरीत सोडणेही तितकेच घातक आहे. देशी कासव घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून लोक घाबरून ते रात्री कोठेतरी सोडून देतात. त्याऐवजी आपण होऊन सोलापूरच्या वन विभाग कार्यालयाशी संपर्क साधून ते त्यांच्या स्वाधीन करावे आणि किती काळ कोठे ठेवले होते, काय खायला घातले, हे खरे सांगावे. त्या माहितीवर त्याचा पुढचा उपचार अवलंबून असतो. बाजारात मिळणारी, कानाजवळ लाल पट्टा असलेली परदेशी कासवेही तलावात सोडू नयेत. ती आपल्या देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतात.

प्रश्न : सहलीला गेलो असता किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन पडलेला दिसला तर आम्ही काय करावे? त्याला परत पाण्यात ढकलावे का?
— महाविद्यालयीन निसर्ग मंडळ, सोलापूर

उत्तर : ढकलू नये. कासव किंवा डॉल्फिन किनाऱ्यावर आला म्हणजे बहुधा तो आजारी, जखमी किंवा दमलेला असतो आणि पाण्यात परत ढकलल्यास तो बुडू शकतो. सर्वप्रथम वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवावे आणि जवळच्या ग्रामपंचायतीला किंवा कोळीवाड्याला सांगावे. गर्दी आणि कुत्री यांना दूर ठेवावे. डॉल्फिनवर ओला कपडा टाकून त्याची कातडी ओलसर ठेवावी, पण डोक्यावरील श्वासाचे छिद्र झाकू नये आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटी किंवा पर धरून ओढू नये. कासवाला सावलीत राहू द्यावे, त्याला काही खायला घालू नये आणि अंगात रुतलेली जाळी स्वतः ओढून काढू नये. जाळीचा धागा कातडीत खोल गेलेला असतो आणि ओढताना रक्तस्राव होतो. अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र पालघर जिल्ह्यात डहाणू येथे आहे.

जिवंत प्राणी जाळ्यात असेल आणि मच्छीमार तो सोडविण्याच्या प्रयत्नात असतील तर त्यांच्यावर ओरडू नये. संरक्षित प्राणी वाचविण्यासाठी मच्छीमाराला आपले जाळे कापावे लागले तर राज्य शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. डिसेंबर २०१८ पासून ही योजना आहे. भरपाईसाठी प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते आणि दोन्ही हात जाळ्यात गुंतलेल्या माणसाला ती काढणे जमत नाही. तुमच्या मंडळातील एकाने दुरून, प्राण्याला त्रास न देता, वेळ आणि ठिकाण स्पष्ट कळेल अशी चित्रफीत काढून ती त्याच मच्छीमाराच्या मोबाइलवर पाठवावी, आणि त्याच्या संमतीशिवाय ती अन्य कोठेही टाकू नये.